संगणकातील व्हायरस कसा काढावा?

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात गंगापूर रोड, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते माध्यमिक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवासाठी आज आपण येथे जमलो आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी रीत आहे. परंतु ते महत्त्व आपणांस ठाऊक नसते, तर जुन्या नाशकातून मुलांना घेऊन रविवारच्या सकाळी आपण गंगापूर रोडपर्यंत आला नसता. म्हणून मी आज एका साध्या, व्यवहाराच्या विषयावर बोलणार आहे. संगणकातील प्रोग्राम फाइलला व्हायरस लागला तर तो कसा काढतात, काढल्यावर ती फाइल पूर्ववत होते काय, आणि हे काम करताना माणसाच्या हातून कोणती चूक होऊ शकते, एवढाच माझा विषय आहे. ती चूक माझ्या हातून झालेली आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. मराठी आणि इतिहास शिकविणारा मी एक साधा शिक्षक आहे. परंतु शाळांतून असे घडते की, ज्याला प्रिंटर चालू करता येतो त्याच्याकडे संगणक कक्षाची किल्ली येते. मी त्या वेळी ज्या शाळेत होतो, तेथे ती माझ्याकडे आली.

घडले ते असे

साल २०१६. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमच्या कक्षात बारा संगणक होते. एका बुधवारी सकाळी मुलांनी संगणक सुरू केले, तर काही प्रोग्राम उघडेनात. व्हायरस पकडणारा प्रोग्राम सुरू होताच बंद पडू लागला. टास्क मॅनेजर उघडावा, तर ‘प्रशासकाने बंद केले आहे’ असा संदेश येई. आणि प्रशासक तर मीच होतो! व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामची मुदतही जुलैतच संपली होती. नूतनीकरणाचा अर्ज माझ्या खणात पडून होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आदल्या दिवशी, मंगळवारी, नववीच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पाची प्रत घेण्यासाठी स्वतःचा पेनड्राइव्ह कक्षातील संगणकाला लावला होता. हा मुलगा हुशार, पण उचापती करणारा. मी त्याचा पेनड्राइव्ह मागून घेतला, तपासला, आणि त्यात एक लपवलेली संशयास्पद फाइल सापडली. मला तेवढे पुरे झाले. मी भर वर्गात त्याला उभे केले, “तुझ्यामुळे बारा संगणक बंद पडले,” असे सुनावले, कक्षात येण्यास बंदी केली आणि वडिलांना निरोप पाठविला. वडिलांचे दुचाकीचे गॅरेज आहे. त्यांनी मुलाला काही विचारले नाही. “शाळेचं नुकसान करायला पाठवलं नव्हतं,” एवढेच म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याला गॅरेजवर बसविले. मुलगा शाळेत येईनासा झाला.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, व्हायरस म्हणजे काय आणि तो फाइलीतून काढतात कसा, हे आपण समजून घेऊ. ते मला त्या बुधवारी नीट ठाऊक असते, तर मी तसे वागलो नसतो.

व्हायरस म्हणजे काय?

संगणक बिघडला की आपण सरसकट ‘व्हायरस आला’ म्हणतो. खरा व्हायरस म्हणजे स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रामला चिकटविणारा छोटा प्रोग्राम होय. तो बाधित प्रोग्राम कोणी चालू केला, की आधी व्हायरस चालतो, आणखी काही फाइली बाधित करतो, आणि नंतर मूळ प्रोग्रामला त्याचे काम करू देतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ प्रोग्राम चाललाच नाही, तर मालकाला लगेच संशय येईल. म्हणून पसरू पाहणाऱ्या व्हायरसला मूळ प्रोग्राम जिवंत ठेवावा लागतो.

१९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम प्रयोगादाखल करून दाखविला आणि त्याचे अध्यापक लेनर्ड ॲडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचविले. कोहेन यांनी पुढे गणिताने हेही सिद्ध केले की, प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखील असा एकच एक प्रोग्राम बनविणे शक्य नाही. म्हणून कोणी दुकानदार ‘हे घाला, आता काही होणार नाही’ असे म्हणाला, तर त्यावर विसंबू नये.

१९८६ साली लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आपल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो त्यांच्या हाताबाहेर गेला आणि देशोदेशी पोचला. सोडणाऱ्याला वाटते तेथेच अशी वस्तू थांबत नाही.

दुसरे दोन भाऊ

आपल्या महाराष्ट्रातील दोन भावांनी याच्या उलट काम केले. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबले आणि ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. स्वतः शिकता आले नाही, तरी धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकावे असा त्यांनी आग्रह धरला. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसने बिघडलेले पुष्कळ असत. त्यांच्यासाठी संजय यांनी सफाईचे छोटे प्रोग्राम लिहिण्यास सुरुवात केली.

त्या काळी ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस गाजत होता. तो वर्षभर गुपचूप बसे आणि ६ मार्चला संगणक सुरू केला, की चकतीवरील माहितीवर निरुपयोगी मजकूर लिहून ती नष्ट करी. संजय काटकर यांनी त्यावर उतारा तयार केला. असे उतारे एकत्र करून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हा प्रोग्राम बाजारात आला. पुण्याबाहेर पाय रोवताना या कंपनीने सुरुवातीच्या काळातच आपल्या नाशकात शाखा काढली. २००७ साली कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

दहावीवर शिक्षण थांबलेल्या थोरल्या भावाने धाकट्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली, त्यातून हे उभे राहिले. आज येथे अनेक थोरले भाऊ आणि थोरल्या बहिणी बसल्या आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावे.

फाइल स्वच्छ होते म्हणजे काय होते?

आता मुख्य विषयाकडे येतो. समजा, एक प्रोग्राम फाइल ५,००० बाइटची आहे. बाइट म्हणजे इंग्रजीतील एक अक्षर मावेल एवढी जागा. १९८७ च्या सुमारास पसरलेला ‘व्हिएन्ना’ नावाचा व्हायरस ६४८ बाइटचा होता. तो स्वतःची प्रत फाइलच्या शेवटी जोडी. म्हणजे फाइल ५,६४८ बाइटची होई. परंतु संगणक फाइल सुरुवातीपासून वाचतो. तेव्हा व्हायरस फाइलचे पहिले तीन बाइट बदलून त्या जागी ‘आधी शेवटी जा’ अशा अर्थाची आज्ञा लिही. मग मूळचे तीन बाइट कोठे गेले? ते तो स्वतःच्या अंगात जपून ठेवी. कारण स्वतःचे काम उरकल्यावर मूळ प्रोग्राम चालवायचा, तर ते तीन बाइट परत लागणारच.

सफाईचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. सफाई करणारा प्रोग्राम प्रथम व्हायरसची ओळख पटवितो. नंतर त्याच्या अंगात लपविलेले मूळचे तीन बाइट शोधून काढतो व त्यांच्या जागी परत ठेवतो. शेवटी जोडलेले ६४८ बाइट कापून टाकतो. फाइल पुन्हा ५,००० बाइटची होते. जर्मनीतील बर्न्ड फिक्स यांनी १९८७ साली या व्हायरसवर उतारा लिहिला. प्रत्यक्ष पसरलेल्या व्हायरसच्या सफाईची ही अगदी सुरुवातीची नोंद समजली जाते. मायकेलअँजेलो व्हायरस फाइलीला न चिकटता चकतीच्या पहिल्या भागात बसे. पण तोही मूळ भाग चकतीवर दुसरीकडे हलवून ठेवी. म्हणून तो मूळ भाग परत जागेवर आणता येई.

परंतु याच व्हिएन्नाची दुसरी एक खोड होती. साधारण आठांतील एका फाइलला तो स्वतःची प्रत जोडीत नसे. तिचे पहिले पाच बाइट पुसून तेथे संगणक पुन्हा सुरू करण्याची आज्ञा लिही, आणि ते पाच बाइट कोठेही जपून ठेवीत नसे. अशी फाइल कोणत्याही उताऱ्याने बरी होत नाही. जे उरलेच नाही, ते परत कोठून आणणार? तिला पुसून टाकून, मूळ चांगल्या प्रतीवरून नवी फाइल घेणे एवढाच उपाय राहतो.

तात्पर्य, मूळचा भाग कोठे तरी शिल्लक असेल तरच सफाई होते. विद्यार्थी मित्रांनो, आजच्या व्याख्यानातील एकच वाक्य वहीत लिहून घ्यावयाचे असेल, तर ते हे लिहा.

दर वेळी काम इतके सोपे नसते. १९८७ मध्येच जेरुसलेम येथे आढळलेल्या एका व्हायरसमध्ये चूक राहिली होती. एकदा बाधित केलेली फाइल त्याला ओळखता येत नसे. त्यामुळे तीच फाइल तो पुन्हा पुन्हा बाधित करी, आणि दर वेळी ती सुमारे १,८०० बाइटनी फुगत जाई. अशी फाइल साफ करताना कांद्याप्रमाणे एकेक पापुद्रा काढावा लागे. १९९८ साली तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस तर फाइलीतील रिकाम्या फटींत स्वतःचे तुकडे करून बसे. त्यामुळे फाइलचा आकार वाढतच नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने अनेक देशांतील संगणक निकामी केले. म्हणून केवळ आकार पाहून फाइल निरोगी ठरविता येत नाही.

आमच्या शाळेत आला होता तो ‘सॅलिटी’ नावाचा व्हायरस. २००३ पासून तो माहीत आहे. विंडोजच्या प्रोग्राम फाइलींना तो चिकटतो, पेनड्राइव्हवरून आणि संगणकांच्या जोडणीवरून पसरतो, व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामला बंद पाडतो आणि संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्याची सोयही मोडून टाकतो. त्याचा मजकूर कुलूपबंद असतो आणि प्रत्येक फाइलीत कुलपाची किल्ली वेगळी असते. सफाईचा प्रोग्राम अशा व्हायरसला एका खोट्या, बंदिस्त संगणकात थोडा वेळ चालू देतो. तेथे व्हायरसने स्वतःच कुलूप उघडले, की त्याने लपविलेला मूळ भाग हाती लागतो.

आम्ही सफाई कशी केली?

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दोन संध्याकाळ खर्च करून मला हे काम शिकविले. पालकांपैकी अनेकांची लहान दुकाने आहेत, हिशेब संगणकावर आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून क्रम सांगतो.

१. प्रथम सर्व संगणकांची एकमेकांशी असलेली आणि इंटरनेटची जोडणी काढली. एक खोली झाडत असताना दुसऱ्या खोलीतून कचरा येत राहिला, तर उपयोग नाही.

२. ज्या संगणकाला लागण झालेली नाही अशा संगणकावर सफाईची सीडी तयार केली आणि बाधित संगणक त्या सीडीवरून सुरू केला. आजारी माणसाच्या हाताने त्याचीच शस्त्रक्रिया करवून घेऊ नये. बाधित विंडोज चालू असेल, तर व्हायरसही चालू असतो. आपण एक फाइल साफ करावी, तो दुसरी बिघडवितो.

३. मुलांचे प्रकल्प, याद्या, छायाचित्रे अशा कामाच्या फाइलींच्या प्रती वेगळ्या काढल्या. प्रोग्राम फाइली मात्र घेतल्या नाहीत. त्या मूळ सीडीवरून परत मिळतात. मुलाचा प्रकल्प परत मिळत नाही.

४. सर्व फाइली तपासल्या. ज्या साफ झाल्या त्या ठेवल्या. ज्या झाल्या नाहीत त्या पुसून टाकल्या.

५. साफ झालेले काही प्रोग्रामही नंतर नीट चालेनात. सफाईनंतर फाइल बाइटागणिक पूर्वीसारखी होतेच असे नाही. असे प्रोग्राम काढून, मूळ सीडीवरून पुन्हा घातले.

६. प्रत्येक पेनड्राइव्ह तपासला. शिक्षकांचेसुद्धा.

बारापैकी नऊ संगणक असे बरे झाले. तीन संगणकांची चकती पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावे लागले. जेथे पैशांचे व्यवहार चालतात, त्या संगणकाच्या बाबतीत मी तर हाच शेवटचा मार्ग आधी धरावा असे म्हणेन. वेळ लागतो, पण मनात शंका राहत नाही.

माझा पेनड्राइव्ह

आता त्या मुलाकडे वळतो. वरच्या यादीतील सहावी गोष्ट करताना माझाही पेनड्राइव्ह बाधित निघाला. मी मनाशी म्हटले, साहजिकच आहे, शाळेच्या संगणकाला लावला म्हणून झाला असेल. खात्री करावी म्हणून घरचा लॅपटॉप उघडला. त्यातील व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामची नोंदवही पाहिली. तिच्यात आधीच्या शनिवारची, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांची नोंद होती. पेनड्राइव्हवर सॅलिटी आढळला. कारवाई : वगळली.

वगळली कोणी? मीच. मला ती संध्याकाळ आठवली. त्या दिवसांत एका अभ्यासक्रमाच्या वर्गासाठी मी दर शनिवारी याच गंगापूर रोडवर येत असे. परत जाताना एका झेरॉक्सच्या दुकानात चाचणीची प्रश्नपत्रिका छापून घेतली होती. घरी आल्यावर एक प्रश्न बदलायचा म्हणून पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तेव्हा धोक्याची सूचना आली. प्रश्नपत्रिका पुसली जाईल या भीतीने मी सूचना न वाचताच ती वगळली. सोमवारी तोच पेनड्राइव्ह शाळेच्या कार्यालयातील संगणकाला लावला. कार्यालय आणि संगणक कक्ष एकाच जोडणीवर होते. मुलाने त्याचा पेनड्राइव्ह मंगळवारी लावला. म्हणजे रोग आणला मी, आणि तो मुलाला लागला आमच्या शाळेतून.

त्या दुकानदारालाही मी दोष देत नाही. त्याच्याकडे दिवसाकाठी शेकडो पेनड्राइव्ह येतात. सूचना मला मिळाली होती. ती त्याला मिळाली नव्हती, आणि त्या मुलालाही मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गॅरेजवर गेलो. मुलगा टायर काढीत होता. मला पाहून तो उठून आत गेला. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, “भाई, चूक तुमच्या मुलाची नव्हती. माझी होती.” आणि सर्व हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. हात पुसत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “सर, गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल आहे का, प्लग ठीक आहे का, ते आम्ही बघतो. शेवटी ज्याने चालवली त्यानेच बिघडवली, असं आम्ही म्हणत नाही.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण मी पण त्याला विचारलं नाही. तुम्ही सांगितलं, म्हणजे खरंच असणार असं धरून चाललो.”

पालकहो, हे शेवटचे वाक्य मला फार लागले. शिक्षकाच्या शब्दावर आपला समाज इतका विश्वास ठेवतो. आपल्याकडे बदगुमानी म्हणून एक शब्द आहे; पुरेशा आधारावाचून कोणाविषयी वाईट ग्रह करून घेणे, असा त्याचा अर्थ. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण एका नववीतल्या मुलाच्या बाबतीत मी नेमके तेच केले होते.

सोमवारी मुलगा शाळेत आला. ज्या वर्गात त्याला उभे केले होते, त्याच वर्गात मी लॅपटॉपवरील ती नोंद सर्वांसमोर वाचून दाखविली आणि त्याची क्षमा मागितली. मुले शांत होती. तो मान खाली घालून बसला होता. पुढे संगणकाच्या तासाला मी त्याला म्हणालो, “तुझा प्रकल्प घे बघू.” त्याने पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “सर, तुम्हीच लावा.” पुढे जवळजवळ वर्ष संपेपर्यंत तो स्वतःच्या हाताने पेनड्राइव्ह लावीत नसे.

फाइलीचे मूळ तीन बाइट व्हायरसजवळ शिल्लक होते, म्हणून ते परत ठेवता आले. भर वर्गात मी जे बोललो, त्याआधीचा तो मुलगा कोठेही जपून ठेवलेला नव्हता. त्याला परत आणायला नोंद वाचून दाखविणे पुरले नाही; वर्ष लागले. दहावीनंतर तो सातपूरच्या आयटीआयमध्ये गेला. अजून ईदला घरी येतो. मी त्या दिवसाचा विषय काढीत नाही, तोही काढीत नाही.

आज काय करावे?

२०१६ नंतर काळ पुष्कळ बदलला आहे. विंडोजमध्ये आता व्हायरस पकडणारा प्रोग्राम आतच असतो. फाइलींना चिकटणारे जुन्या पद्धतीचे व्हायरस कमी झाले आहेत. पण त्यांच्या जागी आलेले प्रकार अधिक वाईट आहेत. काही प्रोग्राम आपल्या कामाच्या फाइलींनाच कुलूप लावतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हे केले. त्यानंतर २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’मुळे आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्याच्या बाबतीत तर पैसे देऊनही फाइली परत मिळण्याची सोय नव्हती. मूळचा भाग शिल्लक असेल तरच सफाई होते, हा नियम येथे आणखी कठोरपणे लागू पडतो. मूळ प्रत आपणच आधी जपून ठेवलेली असली पाहिजे.

म्हणून पालकांना व विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी आहे. मुलांचे दाखले, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि दुकानाचे हिशेब यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. त्यांपैकी एक प्रत अशा पेनड्राइव्हवर किंवा चकतीवर ठेवा, की जी एरवी कोणत्याही संगणकाला लावलेली नसेल. छापून घेण्यासाठी दुकानात जाताना वेगळा पेनड्राइव्ह न्या; त्यात फक्त छापायची फाइल असू द्या, आणि घरी आल्यावर प्रथम तो तपासा. चोरट्या प्रतीचे प्रोग्राम घालू नका. मोबाइलवर लग्नपत्रिका, बँकेची सूचना किंवा सरकारी योजना म्हणून ‘एपीके’ नावाची फाइल आली, तर ती उघडू नका. लग्नपत्रिका हे चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती प्रोग्राम म्हणून मोबाइलमध्ये घालावी लागत नाही. पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. आणि धोक्याची सूचना आली तर ती पूर्ण वाचा. माझ्यासारखी वगळू नका.

एक विनंती मात्र खास पालकांना आणि शिक्षक बंधुभगिनींना आहे. घरात मोबाइल बिघडला, संगणक बंद पडला, की आपले बोट प्रथम मुलाकडे जाते. तसे करण्यापूर्वी आपला स्वतःचा पेनड्राइव्ह तपासा, आपला मोबाइल तपासा. चूक मुलाचीच निघाली, तर एकांतात समजावून सांगा. ओरडा खावा लागेल या भीतीने जे मूल चूक लपविते, त्याच्या घरातील व्हायरस आठवडाभर पसरत राहतो. जे मूल धावत येऊन ‘अब्बा, मी काहीतरी दाबलं’ असे सांगते, त्याचे घर लवकर सावरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या हेच काम शिकेल. त्याने फाइली जरूर साफ कराव्यात. पण कोणावर आरोप करण्यापूर्वी नोंद वाचावी, तारीख आणि वेळ पाहावी, आणि ती नोंद आपल्याविरुद्ध गेली तर ती चारचौघांत वाचून दाखविण्याचे धैर्य ठेवावे.